जमीन १,०२४ चौरस मीटर, वस्तू ३५१

सेकंड लाइफ या इंटरनेटवरच्या आभासी जगात मी पहिली जमीन घेतली तेव्हा तिच्यावर काय उभारायचे हे मुळीच ठरवलेले नव्हते. नकाशावर विक्रीला असलेल्या जागा पिवळ्या दिसतात. त्यातली एक पाण्याकाठची जागा मला आवडली आणि फारसा विचार न करता मी ती घेऊन टाकली. पुढे मी तिथे दारे, खिडक्या आणि जिने बनवून विकू लागले, लोकांच्या घरांच्या मापाने खास कामे करून देऊ लागले, आणि तेव्हा मला हळूहळू कळत गेले की जमिनीचा व्यवहार आणि घडवलेल्या वस्तूंचा व्यवहार या तिथे दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच. दोन्हींचा हिशेब एकाच वहीत होतो, आणि ती वही वाचता येणे हेच या कामातले खरे कौशल्य आहे असे माझे मत झाले आहे.

ज्यांना या जगाची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सॅन फ्रान्सिस्कोच्या लिंडन लॅब या कंपनीने २००३ साली सेकंड लाइफ लोकांसाठी खुले केले. तिथली जमीन २५६ मीटर लांब आणि तितक्याच रुंद अशा चौकोनांत विभागलेली असते. त्या एका चौकोनाला रिजन म्हणतात आणि रिजनच्या तुकड्यांना पार्सल. मेनलँडवर तुम्ही थेट कंपनीच्या अखत्यारीतली जमीन घेता. खासगी इस्टेटींमध्ये एखादा मोठा मालक पूर्ण रिजन घेऊन त्याचे तुकडे आपल्या अटींवर इतरांना भाड्याने देतो. चलन लिंडन डॉलर. अनेक वर्षे एका अमेरिकी डॉलरला साधारण २५० लिंडन डॉलर असा त्याचा भाव राहिला आहे.

जमीन घेताना नवखा माणूस क्षेत्रफळ पाहतो. मीही तेच पाहिले होते. परंतु क्षेत्रफळ हे त्या जमिनीचे बाह्य माप असते. तिचे खरे माप म्हणजे तिच्यावर किती वस्तू मावतील याची मर्यादा, जिला सगळे जण क्षमता म्हणतात. प्रत्येक वस्तू सर्व्हरवर आणि पाहणाऱ्याच्या संगणकावर काही भार टाकते, त्या भाराला लँड इम्पॅक्ट म्हणतात, आणि पार्सलवरच्या सगळ्या वस्तूंच्या लँड इम्पॅक्टची बेरीज त्या पार्सलच्या क्षमतेच्या आत राहावी लागते. मेनलँडवरच्या १,०२४ चौरस मीटरच्या जागेची क्षमता ३५१ असते. मी हौसेने घेतलेल्या एका कोरीव बाकाचाच भार २८ होता. तसे बारा बाक ठेवले की तेरावा ठेवता येत नाही, मग भोवती हिरवळ कितीही मोकळी पडलेली असो.

ही व्यवस्था मला सुरुवातीला जाचक वाटली, पण तिचा इतिहास समजल्यावर तिच्यामागचा विचार पटला. अगदी आरंभीच्या काळात तिथे जमिनीवर नव्हे, तर उभारलेल्या वस्तूंवर कर आकारला जात असे. म्हणजे जो अधिक बांधेल त्याला अधिक भुर्दंड. रहिवाशांनी त्याविरुद्ध आंदोलन केले आणि २००३ च्या अखेरीस कंपनीने तो कर काढून जमिनीच्या मासिक शुल्काची पद्धत आणली. त्याच सुमारास, नोव्हेंबर २००३ मध्ये, रहिवाशांनी घडवलेल्या वस्तूंवरचा बौद्धिक संपदेचा हक्क रहिवाशांचाच राहील असे कंपनीने जाहीर केले. माझ्यासारखीला या जगात वस्तू विकता येते ती या दोन निर्णयांमुळे, आणि ते एकापाठोपाठ आले हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. वस्तूवरचा बोजा काढून जमिनीवर टाकला, आणि वस्तू घडवणाऱ्याच्या नावावर केली. जमीन मात्र तुमची होत नाही. तुम्ही किंमत मोजता, नकाशावर तुमचे नाव लागते, पण कराराच्या भाषेत तो कंपनीच्या सर्व्हरवरचा वापराचा परवाना असतो, आणि दर महिन्याचे शुल्क थांबले की तो संपतो. जमिनीला मी म्हणूनच संपत्ती मानत नाही. ती माझी कामाची जागा आहे.

हे मासिक शुल्क कसे मोजतात ते मला एका चुकीतून कळले. मला पहिली जागा सोडून दुसरीकडे जायचे होते. मी आधी नवी जागा घेतली आणि त्यानंतर काही तासांनी जुनी विकली. त्या काही तासांत माझ्या नावावर दोन्ही जागा होत्या. शुल्क आकारले जाते ते गेल्या तीस दिवसांत तुमच्याकडे जास्तीत जास्त किती जमीन होती त्यावर. आज किती आहे हे त्यात पाहिले जात नाही. शिवाय ते टप्प्याटप्प्याने चढते, त्यामुळे टप्प्यापलीकडे थोडीशी जमीन गेली तरी पुढच्या पूर्ण टप्प्याचे शुल्क लागू होते. मला ते एक महिना भरावे लागले. आधी विकावे, मग घ्यावे, हे मी आता प्रत्येक नव्या रहिवाशाला आवर्जून सांगते.

त्याउलट एक नियम फार उपकारक आहे आणि तो पुष्कळ जुन्या रहिवाशांनाही ठाऊक नसतो. एकाच रिजनमध्ये तुमची दोन पार्सले असली तर त्यांची क्षमता एकत्र धरली जाते. माझ्या आताच्या दुकानाच्या रिजनमध्येच, डोंगराच्या उतारावर, एक अडनिडी जागा कितीतरी दिवस विक्रीला पडून होती. तिथून ना पाणी दिसत होते ना रस्ता. मी ती घेतली आणि ती तशीच रिकामी ठेवली आहे. तिची सगळी क्षमता दुकान वापरते. शेजारच्या रिजनमधली देखणी जागा घेतली असती तर दुकानात एक बिजागरीसुद्धा वाढवता आली नसती.

आता निर्मितीकडे येते. माझी विकली गेलेली पहिली वस्तू म्हणजे एक साधे लाकडी दार. या जगात दार बनवणे दिसते तितके सोपे नाही. प्रिम, म्हणजे तिथला मूळ घडणीचा ठोकळा, स्वतःच्या मध्यबिंदूभोवती फिरतो. ठोकळा चपटा करून त्याचे दार केले आणि स्क्रिप्टने, म्हणजे वस्तूला हालचाल देणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमने, त्याला ९० अंशांत फिरवले, तर ते चौकटीच्या मध्यावर गिरकी घेते आणि अर्धे आत, अर्धे बाहेर जाऊन थांबते. यावर जुन्या कारागिरांनी शोधलेला उपाय मला आजही सुंदर वाटतो. ठोकळा हव्या त्या रुंदीच्या दुप्पट घ्यायचा आणि पाथ कट नावाच्या सोयीने त्याचा अर्धा भाग कापून टाकायचा, काप ०.३७५ पासून ०.८७५ पर्यंत. अर्धा ठोकळा दिसेनासा होतो, पण मध्यबिंदू होता तिथेच राहतो, आणि तो आता उरलेल्या भागाच्या बरोबर कडेवर येतो. दार बिजागरीवर फिरावे तसे फिरू लागते. मी पहिल्यांदा स्पर्श केला आणि दार कडेवरून उघडले, तेव्हा ते मी वीस-पंचवीस वेळा उघडून मिटून पाहिले होते.

ते दार विकायला ठेवताना मात्र परवानग्यांच्या बाबतीत माझी मोठी चूक झाली. प्रत्येक वस्तूला पुढच्या मालकासाठी तीन परवानग्या द्यायच्या की नाहीत हे घडवणारा ठरवतो: बदल करण्याची, प्रत काढण्याची आणि दुसऱ्याला देण्याची. प्रत काढता येत असेल तर दुसऱ्याला देता येऊ नये, आणि दुसऱ्याला देता येत असेल तर प्रत काढता येऊ नये, असा सर्वसाधारण प्रघात आहे. मी तिन्ही खुल्या ठेवल्या. महिन्याभरात माझेच दार दुसऱ्या एका दुकानात माझ्या निम्म्या किमतीला दिसले. वस्तूच्या तपशिलात घडवणारी म्हणून माझे नाव होते आणि विक्री पूर्णपणे नियमांत बसणारी होती, कारण तशी मुभा मीच दिली होती. तेव्हापासून दुकानातल्या मालासाठी मी बदल आणि प्रत या परवानग्या देते आणि हस्तांतर बंद ठेवते. बदलाची परवानगी रोखून धरणारे कारागीर पुष्कळ आहेत, पण मला ते पटत नाही. घर ज्याचे, त्याला दाराचा रंग बदलता आला पाहिजे. परवानगी म्हणजे चोरीविरुद्धचे कुलूप नव्हे, हेही ध्यानात ठेवावे लागते. २००६ साली कॉपीबॉट नावाच्या प्रोग्रॅमने वस्तूंची हुबेहूब नक्कल होऊ लागली तेव्हा दुकानदारांनी निषेध म्हणून दुकाने बंद ठेवली होती.

जमीन आणि वस्तू यांचा हिशेब एकच असल्याचे मला सर्वांत स्पष्टपणे दिसले ते एका जिन्याच्या कामात. एका बाईंनी आपल्या दुमजली घरासाठी गोलाकार जिना मागितला. त्यांनी माप दिले, लाकडाचा पोत, म्हणजे पृष्ठभागावर चढवायचे चित्र, निवडला, किंमत ठरली. मी १६ पायऱ्या, १६ गज, मधला खांब आणि वरची फळी असा ३४ प्रिमचा, म्हणजे ३४ भाराचा, जिना उभा केला आणि मोठ्या समाधानाने तो त्यांच्याकडे पाठवला. तो त्यांच्या घरात उभाच राहिला नाही. त्यांची जागा ५१२ चौरस मीटरची, क्षमता १७५, आणि घर, सामान, झाडे मिळून त्यांनी १५१ आधीच वापरलेले होते. त्यांच्याकडे उरले होते २४. मी माप घराचे विचारले होते, जमिनीचे विचारलेच नव्हते. त्या मला लिंडन डॉलर एकदाच देणार होत्या, पण क्षमता मात्र जिना असेपर्यंत रोज देणार होत्या, हे माझ्या लक्षातच आले नव्हते.

मग तो जिना मी मेश म्हणून नव्याने घडवायला घेतला. मेश म्हणजे ब्लेंडरसारख्या त्रिमितीय आकृत्यांच्या प्रोग्रॅममध्ये बाहेर घडवून आत आणलेली आकृती. सेकंड लाइफमध्ये ती २०११ पासून चालते. चाचणीसाठी कंपनीचे वेगळे प्रायोगिक जग आहे आणि त्याचे नाव आहे अदिती. मुख्य जगाचे नाव अग्नी. सॅन फ्रान्सिस्कोत कोणाला ही नावे सुचली असतील याचे मला अजून नवल वाटते, आणि काम करताना ती वाचली की आपलेपणा वाटतो. अदितीमध्ये खरे पैसे खर्च न करता वस्तू आणून तिचा भार पाहता येतो. माझा जिना तिथे पहिल्या खेपेला १९ भरला. गज गोल दिसावेत म्हणून मी प्रत्येकाला ३२ बाजू दिल्या होत्या. त्या ८ केल्या आणि गोलाई पोतातल्या छायेने दाखवली. भार ११ वर आला.

आणखी खाली आणता आला असता, पण तिथे मी थांबले. मेशच्या प्रत्येक आकृतीची जवळून दिसणारी, मध्यम अंतरावरून दिसणारी, लांबून आणि फार लांबून दिसणारी अशी चार रूपे द्यावी लागतात. लांबची रूपे जवळजवळ रिकामी ठेवली की भार झपाट्याने घटतो आणि जाहिरातीत आकडा छान दिसतो. परंतु मग चार पावले मागे सरकताच जिन्याचे गज विरून जातात आणि हवेत दोन-तीन त्रिकोण तरंगताना दिसतात. असा माल मी विकत घेतलेला आहे आणि तसा विकणे मला अप्रामाणिक वाटते. बाजारातल्या छायाचित्रात हा दोष दिसत नाही. मार्केटप्लेस या सेकंड लाइफच्या ऑनलाइन बाजारात बसल्या जागी खरेदी होत असतानाही मी जमिनीवरचे दुकान सोडलेले नाही त्याचे हेच कारण आहे: तिथे माणूस दूर उभा राहून पाहू शकतो, दाराला हात लावू शकतो, जिना चढून उतरू शकतो.

चढण्याचाही एक वेगळा प्रश्न होता. मेशला दिसणाऱ्या आकाराखेरीज टेकण्यासाठी एक अदृश्य आकार असतो. तो ठरवून दिला नाही तर जिन्याभोवती एक बंद ठोकळा धरला जातो आणि माणूस पहिल्या पायरीलाच अडतो. पायरीगणिक अचूक आकार दिला तर चालताना प्रत्येक पायरीवर धक्का बसतो. मी पायऱ्यांखाली वळत जाणारा एक अखंड उतार दिला. डोळ्यांना पायऱ्या दिसतात आणि पाय उतारावरून सहज सरकतात.

जिना हाती देताना मी त्या बाईंना आणखी एक गोष्ट सांगितली, कारण ती न सांगणे म्हणजे अर्धे काम ठेवण्यासारखे झाले असते. मेश ताणून मोठा केला की त्याचा भार वाढतो. मजल्याची उंची वाढवून त्याच्याबरोबर जिना ओढला तर ११ चे १५ होऊ शकतात, म्हणून उंची बदलायची झाल्यास मला कळवा, मी दोन पायऱ्या वाढवून नवा देईन. त्यांनी तो उभा केला. १५१ आणि ११ मिळून १६२ झाले, १३ उरले.

आता नवे काम आले की माझा पहिला प्रश्न असतो: तुमच्या जागेची क्षमता किती आणि त्यातली शिल्लक किती. काहींना तो आगाऊपणा वाटतो, बहुतेकांना आकडा ठाऊक नसतो आणि तो जमिनीच्या तपशिलात कुठे पाहायचा ते मी दाखवते. दारे आणि जिने विकून माझ्या दोन्ही जागांचे शुल्क भागते आणि थोडे उरते. त्यातून पोत आत आणण्याचे आणि मेशचे खर्च निघतात. गेल्या आठवड्यात त्याच बाईंचा निरोप आला. त्यांना जिन्याशेजारी एक खिडकी हवी आहे, आणि निरोपाच्या पहिल्याच ओळीत त्यांनी लिहिले होते की शिल्लक १३ आहे, पण त्यातले ५ कुंड्यांसाठी राखून ठेवले आहेत.