स्काउटिंग शीट आणि वेचणीची वही

कापसाच्या वेचणीत संध्याकाळी शेताच्या धुऱ्यावर काटा लागतो आणि वेचणाऱ्या प्रत्येक बाईच्या नावापुढे किलो लिहिले जातात. ‘चांगली वेचते’ असा शेरा त्या वहीत कोणी लिहीत नाही, कारण मजुरी वजनावर ठरते. यवतमाळ जिल्ह्यातील खेड्यात वाढलेल्या आणि आता तेथेच विज्ञान शिकवणाऱ्या मला हे सुचायला हवे होते. तरीही रोबोटिक्स स्पर्धेसाठी मी तयार केलेल्या पहिल्या स्काउटिंग शीटमध्ये, म्हणजे इतर संघांचे रोबोट कसे खेळतात ते टिपण्याच्या कागदात, 23 रकाने होते आणि त्यांतले निम्म्याहून अधिक शेऱ्यांचेच होते.

फर्स्ट टेक चॅलेंज या आमच्या स्पर्धेत 12 फूट लांब-रुंद मैदानावर दोन संघांची युती दुसऱ्या दोन संघांच्या युतीविरुद्ध खेळते. पहिले 30 सेकंद रोबोट आधी लिहिलेल्या प्रोग्रॅमवर स्वतः चालतो आणि नंतरची 2 मिनिटे मुले तो चालवतात. फलकावर गुण दिसतात ते युतीचे. त्यांत कोणाचा वाटा किती, हे फलकावरून कळत नाही. पात्रता फेऱ्यांत साथीदार दर सामन्यात बदलत असल्याने क्रमवारीतही नशिबाचा भाग उरतो, आणि बाद फेरीसाठी साथीदार निवडण्याची वेळ आली की हाती काही नोंद असावी लागते. युतींच्या गुणांची समीकरणे मांडून प्रत्येक संघाचा वाटा काढण्याची ओपीआर नावाची पद्धत आहे; परंतु संघाला पाच-सहाच सामने मिळाले असतील, तर एकाच्या रोबोटचा बिघाड साथीदाराच्याही आकड्यात मिसळतो. म्हणून एका मुलाने एकाच रोबोटवर डोळा ठेवून केलेल्या नोंदीला पर्याय नाही.

माझ्या शीटमध्ये ‘वेग : 10 पैकी किती?’ असा प्रश्न होता. आठवीतल्या एका उदार मुलीने सर्वांना 8 दिले, तर तिच्या शेजारच्या मुलाने त्याच रोबोटांना 4. त्याहून वाईट म्हणजे रकाने भरण्यासाठी मान खाली गेली की तेवढ्यात रोबोटने काय केले, ते निसटून जाई. रिकाम्या चौकटीचा अर्थ शून्य घ्यावा की पाहिलेच नाही असा, हे रात्री आम्हांला कोणालाच सांगता येईना.

नवे शीट आम्ही उलट्या टोकाकडून, म्हणजे निवडीच्या वेळी पडणाऱ्या प्रश्नांपासून, तयार केले. हा रोबोट स्वयंचलित टप्प्यात आमच्या वाटेत येईल का? त्याने किती वेळा नेम धरला आणि त्यांतले किती लागले? चुकलेले प्रयत्न आम्ही मुद्दाम मोजतो. मध्येच बंद पडला का, आणि शेवटच्या टप्प्याचे काम पूर्ण झाले का? एवढ्यासाठी 9 रकाने पुरले. मोजणी पाचाच्या रेघांनी होते, कारण त्यासाठी कागदाकडे पाहावे लागत नाही. ‘पाहिले नाही’ यासाठी वेगळी चौकट आहे. सरासरीबरोबर प्रत्येक सामन्याचा आकडाही आम्ही ठेवतो; 6, 6, 6 आणि 0, 12, 6 यांची सरासरी सारखीच येते, पण दुसऱ्या संघाला साथीदार घ्यायचे तर छाती घट्ट हवी.

मोबाइलवरच्या ॲपचा मोह मुलांना फार होता. गर्दीच्या सभागृहात नेटवर्कचा भरवसा नसतो आणि चार्जिंगची रांग वेगळीच, म्हणून लाल युतीसाठी गुलाबी आणि निळ्या युतीसाठी निळसर कागद घेतला.

शीटची परीक्षा आम्ही गावातच घेतली. वीज असताना जुन्या सामन्यांचे व्हिडिओ उतरवून घेतले आणि दोन-दोन मुलांना एकाच रोबोटची नोंद परस्परांना न विचारता करायला लावली. नेमाच्या रेघांत एक-दोनचा फरक पडला, तो चालण्यासारखा होता. ‘बचाव कसा केला’ या रकान्यात मात्र एकाही जोडीचे जमले नाही. तो रकाना काढून तेथे ‘समोरच्याने अडवल्यावर किती वेळा थांबला’ असे लिहिले आणि पुन्हा तेच व्हिडिओ लावले. या खेपेला सहापैकी पाच जोड्यांचे आकडे जुळले.