सोळा लेखकांत एक आणा

फोन संपादकबाईंचा होता. ओळख जुनी, आवाज आर्जवी. "एक संपादित पुस्तक करतेय. सोळा लेखक, प्रत्येकाचं एक प्रकरण. तुमचं हवंच हं." विषय माझ्या आवडीचा, त्यामुळे मी लगेच हो म्हणून मोकळी झाले. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, मानधनाचा विषय दोघींपैकी कुणीच काढला नव्हता. भीड भिकेची बहीण म्हणतात, आणि माझी तिच्याशी ओळख लिहायला लागल्यापासूनची आहे.

दोन दिवस चुळबुळ करून शेवटी ईमेल केला. उत्तर आलं, "रॉयल्टी आहे, १० टक्के." वाचून बरं वाटलं. हे १० टक्के अख्ख्या पुस्तकाचे, आणि मी लिहिणार फक्त एक प्रकरण, हे करारपत्र हातात पडेपर्यंत डोक्यात आलं नाही.

करारपत्र सहा पानांचं होतं. एरवी मी शेवटच्या पानावर जाऊन सही ठोकते. या वेळी कोरा कागद घेऊन बसले. १० टक्क्यांतला अर्धा वाटा संपादकांचा. यावर बरेच लेखक चिडतात, मी नाही चिडत. सोळा जणांच्या मागे लागून मजकूर काढणं, तो दोन-दोनदा वाचणं, एकाच गोष्टीची तीन प्रकरणांत तीन नावं आली तर ती सारखी करणं, हे काम ज्याने केलंय त्यालाच त्याची किंमत कळते. उरले ५ टक्के, ते सोळा जणांत समान. जुन्या हिशेबात प्रत्येकाला एक आणा. पण कसला आणा? पुढच्या ओळीत बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'निव्वळ प्राप्तीवर'. म्हणजे छापील किमतीवर नाही, तर वितरक-विक्रेत्यांची सूट वजा जाऊन प्रकाशकाच्या हातात जे पडतं त्यावर.

छापील किंमत १०० धरली आणि सूट ५०, तर प्रकाशकाकडे येणार ५०. त्याचे १० टक्के म्हणजे ५. संपादकांचे अडीच गेले, राहिले अडीच. भागिले १६. एका प्रतीमागे मला छापील किमतीच्या ०.१६ टक्के. हजार प्रती खपल्या तर माझ्या वाट्याला जेमतेम दीड पुस्तकाची किंमत येणार होती. त्याच करारात लेखकाला दोन प्रती भेट होत्या. हजार प्रतींच्या रॉयल्टीपेक्षा ती भेट मोठी! मी आकडेमोड तीनदा तपासली. बरोबर होती.

मग वाटणीच्या मापाकडे वळले. पुस्तक साधारण २४० पानांचं होणार होतं आणि माझं प्रकरण ३० पानांचं. पानांच्या हिशेबाने माझा वाटा आठवा, डोक्यांच्या हिशेबाने सोळावा. बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "पानांवर पैसे दिले तर सगळेच पाणी घालतील. मला मग कापाकापी करत बसावं लागेल." यात तथ्य आहे, हे मलाही कबूल करावं लागलं. सहा पानांत नेमकं लिहिणाऱ्याला तीस पानं लिहिणाऱ्यापेक्षा कमी का मिळावं? पानांवर वाटणी, शब्दांवर वाटणी, समान वाटणी, तिन्ही पद्धती चालतात आणि तिन्हींत कुणीतरी नाराज राहतंच. दोघांनी मिळून लिहिलेल्या पुस्तकात निम्मं-निम्मं करून सुटका होते, सोळा जणांत नाही.

मी रॉयल्टीचा नाद सोडला आणि एकरकमी मानधन मागितलं. तेही हक्क मर्यादित ठेवून: याच भाषेत, छापील आणि ई-पुस्तक, बाकी ऑडिओ, अनुवाद वगैरे माझ्याकडे. कारण कलम ७ मध्ये 'सर्व हक्क कायमस्वरूपी प्रकाशकाकडे' असं सरळ लिहिलं होतं. बाईंचं म्हणणं, संग्रह म्हटला की असंच असतं. तसं काही नसतं. लेखकांच्या हक्कांबद्दलचा बर्न करार १८८६ सालचा. त्याच्या आजच्या मजकुरातलं कलम २(५) सांगतं की निवड आणि मांडणी यांमुळे संग्रहाला स्वतंत्र संरक्षण मिळतं, पण त्यातल्या एकेका लेखनावरच्या हक्कांना त्याने धक्का लागत नाही. थोडक्यात, संग्रहाचा कॉपीराइट दुसऱ्याचा झाला म्हणून माझं प्रकरण आपोआप त्यात विरघळत नाही. ते जातं माझ्या सहीने. हे मी नम्रपणे लिहून पाठवलं. आठवड्याने सुधारित करार आला. रक्कम मागितली त्याच्या दोन तृतीयांश, हक्क मात्र मागितले तसे. मी सही केली.

इथे माझ्याकडून घोळ झाला. रक्कम आणि हक्क यांच्याच मागे लागल्यामुळे 'प्रकाशनानंतर ३० दिवसांत देय' ही ओळ मी तशीच जाऊ दिली. प्रकरण मी वेळेत दिलं, ते स्वीकारलंही गेलं, आणि पुस्तक अडलं. सोळांपैकी एकाचं येईना. बाईंनी त्यांना किती फोन केले ते त्याच जाणोत. पुस्तक निघालं चौदा महिन्यांनी. लेखन स्वीकारल्यावर निम्मी रक्कम, एवढे शब्द घालून घेतले असते तर चौदा महिने दुसऱ्याच्या आळसाचं ओझं माझ्या खिशावर पडलं नसतं.

प्रकाशनानंतरही ३० दिवस गेले, ४५ गेले. तिसऱ्या स्मरणपत्राला हिशेब विभागाचं उत्तर आलं, "आपलं बिल प्राप्त नाही." बिल पाठवायचं असतं हे कुणी सांगितलंच नव्हतं. पाठवलं. मग पैसे निघाले आणि परत गेले, कारण त्यांच्या तक्त्यात 'प्रकरण ९, लेखक क्र. ११' यापुढे माझ्या आडनावातलं एक अक्षर गायब होतं. पुस्तकात मात्र नाव बरोबर छापलं होतं, हे नशीब.

रॉयल्टी घेतलेल्या एका सहलेखिकेने तिचं पहिलं हिशेबपत्रक मला दाखवलं. विक्रीचा आकडा बरा होता. त्यातून दुकानांतून परत येऊ शकणाऱ्या प्रतींसाठी काही भाग राखून ठेवलेला, शिवाय संपादकांना आगाऊ दिलेली रक्कम आधी वळती केलेली. शेवटच्या रकान्यात जे उरलं ते कराराप्रमाणे किमान रकमेपेक्षा कमी, म्हणून 'पुढील हिशेबात ओढले'. तिने कागदाची घडी केली आणि त्याच पुस्तकात खूण म्हणून ठेवून दिली.

गेल्या महिन्यात प्रकाशकांचा ईमेल आला. ऑडिओबुक करायचं ठरलंय, सोबतच्या परवानगीपत्रावर सही करून पाठवावी. परवानगीपत्रात रकमेचा रकाना नव्हता. मी आकडा कळवला. उत्तर आलं, बाकी पंधरा लेखकांनी वेगळं काही मागितलेलं नाही. मागणार कसे, त्यांच्या करारात कलम ७ जसंच्या तसं होतं. मी माझ्या करारातलं ते पान स्कॅन करून पाठवलं आणि सोबत बिलही जोडलं, आडनाव ठळक अक्षरात. पैसे अकराव्या दिवशी जमा झाले.