लॅबचा एसी

मे महिन्यातला सोमवार. सांगलीत अकरा वाजताच डांबर मऊ झालेलं. आमचं हॉस्पिटल फार मोठं नाही, पण कनेक्शन एचटी, म्हणजे उच्च दाबाचं; एका वेळी किती वीज ओढायची, त्याचा करार २५० केव्हीएचा. मीटर अर्ध्या तासाची सरासरी धरतो. क्षणभर आकडा वर गेला तर चालतं, पण अर्धा तास तिथंच बसला तर महिनाभराच्या बिलाला चिकटतो. करार ओलांडला तर दंड वेगळाच.

विजेचं काम माझ्याकडं. पॅनलवर २४७ केव्हीए दिसले आणि मी धावलो.

ऑटोक्लेव्ह, म्हणजे वाफेनं निर्जंतुक करायची मशिनं, दोन्ही चालू होती. सिस्टर म्हणाल्या, "ड्रेसिंगचे ड्रम नंतर लावते, पण ऑर्थोचा सेट थांबणार नाही. दोनला केस आहे." लॉन्ड्रीतल्या मावशींना विचारलं तर त्या खूषच. "तास-दीड तास बंद ठेवा की, चहा तरी निवांत होईल."

आकडा खाली सरकला, पण मन भरेना. ओटी, आयसीयू, डायलिसिसला हात लावायचा नाही, एवढी अक्कल होती. मग जिथं पेशंट झोपत नाही अशी खोली कोणती? लॅब. कुणाला न विचारता तिथल्या एसीचा ब्रेकर पाडला.

वीसेक मिनिटांत लॅबचा पोरगा धापा टाकत खाली आला. "दादा, मशिन टेम्परेचरचा एरर देतंय. डायलिसिसच्या पेशंटचं पोटॅशियम अडकलंय!"

पोटॅशियम चढलं की हृदयाचे ठोकेच बिघडतात, हे मलाही ऐकून माहीत होतं. एसी लगेच चालू केला, पण खोली गार व्हायला वेळ, वर मशिनचं कंट्रोल, म्हणजे उत्तर आधीच माहीत असलेलं सँपल, पुन्हा लावून बघायचं. तोवर सँपल बाहेरच्या लॅबला पाठवलं. डॉक्टर मला काही बोलले नाहीत, नुसते बघून गेले. बोलले असते तर बरं झालं असतं.

खरी गंमत पुढं. परत पॅनलपाशी आलो आणि सहज पुढचं बटण दाबलं, तर पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या केव्हीएतला खरा कामाचा वाटा, ०.९१! एरवी ०.९९ असतो. हा आकडा वर ठेवणारा कपॅसिटर पॅनल उघडला, तर कपॅसिटरच्या एका बँकेचा काँटॅक्टर, म्हणजे तिला जोडणारा स्विच, काळा पडलेला, जळका वास. म्हणजे सकाळचा खरा लोड २२५ किलोवॅटच होता. तोच ०.९९ ला २२७ केव्हीए भरला असता. काहीही बंद न करता वीस केव्हीए सुटले असते. बटण एकच दाबायचं होतं, ते सकाळी दाबलं नाही.

काँटॅक्टर त्याच दिवशी बदलला. ड्रेसिंगचे ड्रम मात्र अजून दुपारनंतरच लागतात, सिस्टरांनाच ते सोयीचं पडलं.

आणि लॅबच्या ब्रेकरवर त्या पोरानं पांढरी चिकटपट्टी लावलीय. वर लाल मार्करनं: "दादा, आधी फोन."