ब्रिजची वही, महिना पाचवा: एक्का दाबून धरायचा की नाही

मंगळवारी ४६.८ टक्के झाले. पहिल्या मंगळवारी ३१.४ होते. डुप्लिकेटमध्ये (सगळ्या टेबलांवर तेच पत्ते खेळून जोड्यांची तुलना करतात त्या प्रकारात) ५० म्हणजे सरासरी, म्हणजे आम्ही अजूनही तळातच आहोत, फक्त तळाच्या जरा वरच्या बाजूला. शेवटून पहिले यायचो, आता शेवटून चौथे-पाचवे येतो.

आम्ही म्हणजे मी आणि आमच्या खालच्या मजल्यावरचे काका. ते टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, वय ७१. त्यांचा जुना भिडू मुलाकडे बंगळुरूला राहायला गेला आणि यांचे मंगळवार रिकामे झाले. जिन्यात भेट झाली तेव्हा मी म्हणाले, मला पत्ते येतात. ते खोटं नव्हतं. आजोळी मे महिन्याच्या सुट्टीत दुपारभर मेंढीकोट चालायचा, दश्शी पकडायला मी पटाईत होते. तीच पटाईतकी आता पाच महिने निस्तरते आहे.

सुरुवातीला मी धसका घेतला होता तो बोलीचा, म्हणजे किती हात (चार पानांची एक फेरी म्हणजे एक हात) जिंकू हे आधी सांगण्याचा. सात पायऱ्या आणि प्रत्येक पायरीवर किलवर, चौकट, बदाम, इस्पिक, नो ट्रम्प (हुकुमाशिवाय), अशा एकूण ३५ बोल्या. शिवाय पास, डबल, रिडबल. पण खरं सांगायचं तर याचा सांगाडा पंधरा दिवसांत बसतो. एक्क्याचे ४, राजाचे ३, राणीचे २, गुलामाचा १, सगळ्या पत्त्यांत मिळून ४० पॉइंट. दोघांचे मिळून २५ झाले की तीन नो ट्रम्प किंवा चार बदाम-इस्पिकचा विचार करायचा, ३३ झाले तर स्लॅमचा, म्हणजे तेरापैकी बारा हातांच्या बोलीचा. काकांनी हे एका वापरलेल्या पाकिटाच्या मागे लिहून दिलं. पाकीट अजून वहीत आहे.

बोलीतले घोटाळे झाले नाहीत असं मात्र नाही. दुसऱ्याच महिन्यात मी एक नो ट्रम्प उघडला, काकांनी दोन बदाम बोलले. ट्रान्स्फर! म्हणजे ‘माझ्याकडे पाच इस्पिक आहेत, तू दोन इस्पिक बोल.’ आदल्याच रविवारी हे मी तीनदा घोकलं होतं. माझ्याकडे चार बदाम होते, मला वाटलं काकांना बदाम आवडलेत, मी खुशाल पास टाकला. काकांकडे बदाम किती? एक. आमचे मिळून पाच हुकूम, समोरच्यांचे आठ. काकांनी तो डाव चेहऱ्यावरची रेघ न हलवता खेळला आणि चार हातांनी बुडाले. उणे २००. घरी येताना रिक्षात एवढंच म्हणाले, “अगं, बदाम म्हणजे इस्पिक. आता जन्मात विसरणार नाहीस.” नाही विसरले.

हे घोटाळे एकदा होतात आणि सुटतात. माझं खरं दुखणं पान खेळण्यातलं आहे. हात दिसला की ओढायचा. मेंढीकोटात एक्का हातात ठेवून बसलेल्याला आजोळी मूर्ख म्हणायचे. तिसऱ्या महिन्यातला हा डाव वहीत लाल पेनाने लिहिलाय. माझी पानं:

इस्पिक एक्का, अठ्ठी, तिर्री
बदाम एक्का, राणी, छक्की
चौकट नव्वी, सत्ती, दुर्री
किलवर एक्का, राजा, नव्वी, पंजी

१७ पॉइंट, म्हणून एक नो ट्रम्प. काकांनी थेट तीन नो ट्रम्प (म्हणजे नऊ हात) केले आणि डमी म्हणून, म्हणजे मी खेळवावीत म्हणून, आपली पानं उघडी मांडली: इस्पिक सत्ती-चव्वी, बदाम राजा-अठ्ठी-तिर्री, चौकट एक्का-राणी-गुलाम-दश्शी-पंजी, किलवर अठ्ठी-छक्की-चव्वी. डावीकडून इस्पिकच्या राजाची उतारी आली. मी डोळे झाकून एक्का मारला. मग हातातून चौकट नव्वी खेळून फिनेस घेतला, म्हणजे चौकट राजा डावीकडे असेल या आशेवर डाव टाकला. चौकट राजा उजवीकडे होता, त्याने तो घेतला आणि इस्पिक परत केले. डावीकडच्या बाईंनी एकामागून एक चार इस्पिक वाजवले. मला आठच हात मिळाले, एक कमी. उणे ५०.

बोर्ड (म्हणजे तो डाव) संपल्यावर काका काही बोलले नाहीत. चहाच्या वेळी मात्र कागदावर चौघांचीही पानं मांडली. बाईंकडे पाच इस्पिक होते, उजवीकडे तीन. पहिल्या राजावर मी तिर्री टाकायची, दुसऱ्या फेरीला पुन्हा हलकं पान, तिसऱ्या फेरीला एक्का. आता उजवीकडच्याचे इस्पिक संपले. मग तोच चौकटचा फिनेस, राजा त्याच माणसाकडे, पण परत द्यायला इस्पिकच नाही. तो किलवर खेळो की बदाम, दोन्ही माझेच. चौकटचे चार, बदामचे तीन, किलवरचे दोन, इस्पिकचा एक: दहा हात, ४३० पॉइंट. पत्ते तेच, फिनेस तोच, तो चुकला तोही तसाच. फरक फक्त एक्का कधी पडला याचा. मला तो कागद बघून एकदम गार वाटलं. (आजोळी कुणाला पटणार नाही. दोन हात फुकट सोडायचे?)

त्यानंतर घरात नियम केलाय. डमी मांडली गेली की हात मांडीखाली. शब्दशः. दहापर्यंत मोजायचं, माझे पक्के हात किती ते मोजायचं, किती कमी पडतायत, ते कुठून येणार, आणि ते मिळवताना उतारी कुणाकडे जाणार. मग पहिलं पान. क्लबात पहिल्यांदा मी मांडीखाली हात घातले तेव्हा समोरच्या आजी म्हणाल्या, “थंडी वाजतेय का?”

मेंढीकोटाची दुसरी सवय म्हणजे खुणा. भिडूला डोळ्याने, खोकून, पान जोरात आपटून सांगणं. ब्रिजमध्ये बोली पाटीसारखी बिडिंग बॉक्समधल्या कार्डावर, तोंड बंद. हे माहीत होतं. माहीत नव्हतं ते हे की नुसता विचार करणं हीसुद्धा खूण होते. महिन्याभरापूर्वी मी जवळजवळ मिनिटभर घुटमळून पास टाकला, नंतर काकांनी आणखी एक बोली केली, ती जमली. समोरच्यांनी डायरेक्टरला, म्हणजे पंचाला, बोलावलं. माझ्या घुटमळण्यावरून काकांना कळलं असणार की माझ्याकडे काहीतरी आहे, म्हणून निकाल बदलला. काकांनी खरंच बोली स्वतःच्या पानांवरूनच केली होती, पण नियम मनातलं विचारत नाही. तेव्हा राग आला होता. आता वाटतं बरोबर आहे. त्यावर उपाय कंटाळवाणा: प्रत्येक बोलीला सारखाच वेळ घ्यायचा, पानं टुकार असली तरी.

मोजणीचा सराव स्वयंपाकघरात. एका खेळाडूला १३ पानं पडण्याचे प्रकार ६३,५०० कोटींहून जास्त आहेत, पण रंगांच्या वाटणीचे नमुने थोडेच. सगळ्यात जास्त येतो तो चार-चार-तीन-दोन, साधारण पाचात एकदा. मग पाच-तीन-तीन-दोन. मटार सोलताना मोठ्याने म्हणते: पाच-चार-तीन-एक, पाच-चार-दोन-दोन. मुलगा म्हणतो आई पाढे विसरलीय. आणखी एक गोष्ट पचायला वेळ लागला. समोरच्या दोघांकडे मिळून एका रंगाची सहा पानं असतील तर ती तीन-तीन वाटली जातील असं मन म्हणतं, पण तसं ३६ टक्के वेळाच होतं. चार-दोन ४८ टक्के. पाच पानं असतील तर मात्र तीन-दोन ६८ टक्के. एकदा हे डोक्यात बसलं की ‘नशीबच फुटकं’ म्हणणं कमी होतं. माझं अर्ध्यावर आलंय.

आमच्या बाबांना फोनवर सांगितलं की ब्रिज शिकते, तर पहिला प्रश्न: “पैसे लावतात का?” त्यांना २०१८ची जकार्ताची एशियाड सांगितली. पश्चिम बंगालचे प्रणव बर्धन आणि शिबनाथ सरकार, एक ६० वर्षांचे आणि दुसरे ५६ चे, पुरुषांच्या जोडीचं सुवर्णपदक. बाबा गप्प झाले, मग म्हणाले, “साठाव्या वर्षी? मग तुला वेळ आहे.” मला ते आशीर्वाद म्हणून घ्यायचं की टोमणा म्हणून, ते ठरवता आलेलं नाही.

आता परवाचा मंगळवार. ४६.८ चे ५० झाले असते तो बोर्ड. पुन्हा तीन नो ट्रम्प, पुन्हा डावीकडून इस्पिकचा राजा, माझ्याकडे पुन्हा एक्का आणि दोन हलकी पानं. हात मांडीखाली घातले, मोजलं, आणि मोठ्या समाधानाने तिर्री टाकली. बाईंनी इस्पिक पुढे चालवलंच नाही. बदामची उतारी केली. डमीत राजा-पंजी, माझ्याकडे छक्की-दुर्री, आणि डमीच्या मागे बसलेल्याकडे एक्का-राणी-गुलामासकट पाच बदाम. पाचही वाजले. सात हात, दोन कमी.

आणि वाईट हे की इस्पिकचा एक, चौकटचे पाच, किलवरचे तीन, असे नऊ हात सुरुवातीलाच माझ्या हातात होते. एक्का घेऊन सरळ ओढायचे होते. मी मोजले होते आठ. डमीची चौकटची दुर्री शेवटच्या पानाखाली दडली होती, ती मोजायचीच राहिली.

काकांना रिक्षात विचारलं, “मग एक्का दाबायचा कधी आणि मारायचा कधी?” ते खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले, “आधी डमीची तेरा पानं मोज गं.”

वहीत आता नवा रकाना आहे: ‘डमी १३?’ पुढच्या मंगळवारी प्रत्येक बोर्डाला तिथे टिक करायची.