तीन फूट

फ्रीजवर चुंबकाने एक कागद लावलाय. तारीख, किती वेळ, कुठे. कॅलिफोर्नियात 18 वर्षांखालच्या मुलांना लायसन्सच्या परीक्षेआधी मोठ्यांना शेजारी बसवून 50 तास गाडी चालवावी लागते, त्यातले 10 तास रात्रीचे. ते झाल्याची सही पालकाने करायची. आमच्या लेकीचे 41 झालेत. मला ती सही खरीखुरी करायची आहे, म्हणून हा कागद.

आठव्या की नवव्या तासाची गोष्ट. आमच्या फ्रीमाँट शहरातल्याच दोन-दोन लेनच्या रस्त्यावर पुढे एक सायकलवाले आजोबा होते. इथे ड्रायव्हर डावीकडे बसतो, म्हणजे आजोबा माझ्या खिडकीच्या अंगाला. लेकीने वेगही उतरवला नाही आणि गाडीही सरकवली नाही. त्यांचं कोपर माझ्या आरशापासून वीतभर लांबून गेलं. पुढच्या पार्किंगमध्ये मी तिला गाडी लावायला सांगितली.

"आई, लागलं नाही ना पण त्यांना?"

मी स्टेशनपर्यंत रोज सायकलने जाते. तीन वर्षांपूर्वी माझ्या डावीकडून पुढे जाऊन एक गाडी थेट माझ्यासमोरून उजवीकडे वळली. मी सायकल लेनमध्येच होते. मनगट मोडलं. गाडी चालवणाऱ्या बाईंना मी दिसलेच नव्हते, आणि त्या खरंच रडत होत्या. लेकीला हे माहीत होतं, पण त्या दिवशी पहिल्यांदा तिने मला वळणाचा नियम विचारला. उजवीकडे वळायचं तर चौकाच्या 200 फूट आधीपासून आरसा बघून, मान वळवून, सायकल लेन मोकळी असेल तर तिच्यात शिरायचं आणि कडेने वळायचं. ऐकायला उलटं वाटतं. पण गाडी आधीच कडेला आली की सायकलवाला तिच्या मागे राहतो, कचाट्यात सापडत नाही. तेवढ्यासाठी तिथे लेनची रेघ तुटक रंगवलेली असते.

घरी आल्यावर ड्राइव्हवेमध्ये माझी सायकल उभी केली, टेप आणली आणि आरशापासून हँडलपर्यंत 3 फूट मोजले. 2014च्या सप्टेंबरपासून इथे सायकलला ओलांडताना निदान एवढं अंतर ठेवावं लागतं. 2023पासून त्याच्याही पुढचं: शेजारची लेन मोकळी असेल तर सरळ लेनच बदलायची. लेक बराच वेळ टेपकडे बघत होती. म्हणाली, "एवढं जास्त?" मी सांगलीत वाढले. तिथे मागून हॉर्न वाजला की सायकल कच्च्यात उतरवायची, हे आम्हाला कुणी शिकवावं लागलं नाही. जागा मागायचा हक्क सायकलला आहे, हे मला इथे येऊन कायद्याच्या पुस्तिकेत वाचायला मिळालं.

मोटारसायकलींचं तिला अजून जड जातं. 880 हायवेवर गर्दीत दोन लेनच्या मधून एक बाइक सुळकन गेली आणि तिने स्टिअरिंगला हिसका दिला. कॅलिफोर्नियात असं मधून जाणं कायदेशीर आहे, 2017पासून त्याची व्याख्याच कायद्यात आहे. हेल्मेट मात्र बाइकवरच्या दोघांनाही, वय कितीही असो. शेजारच्या ॲरिझोनात 18 पूर्ण झाले की तीही सक्ती नाही, हे मला अजून पटत नाही. आता लेन बदलण्याआधी ती "बाइक?" असं मोठ्याने म्हणते. ही सवय तिची तिनेच लावून घेतली.

गेल्या रविवारी नाइल्स कॅन्यनला गेलो. एकेक लेनचा वळणावळणाचा रस्ता, एका बाजूला डोंगर, कडेला जागा नाही. पुढे एक बाई सायकल रेटत होती. लेक तिच्या मागे हळू झाली. आमच्या मागच्या गाडीने हॉर्न दिला, मग पुन्हा दिला. लेकीचे कान लाल झाले, पण पाय ब्रेकवरच होता. पुढे रस्ता रुंद झाला तेव्हा तिने इंडिकेटर दिला आणि अंतर ठेवून पुढे गेली. खिडकीतून त्या बाईने हात वर केलेला मला दिसला.

कागदावर लिहिलं: नाइल्स कॅन्यन, 50 मिनिटं.