गोबरवाहीला मामाजींकडे

पहाटे तुमसर रोडला उतरलो आणि तिरोडी लाईनची गाडी धरली. गोबरवाही येईपर्यंत दोन्हीकडे धानाच्या बांध्या, अर्ध्या कापलेल्या, मधूनमधून पुंजणे रचलेले. स्टेशनवर मामाजी उभे होते. चिखल्याच्या मँगनीज खाणीत त्यांनी 33 वर्षं जमिनीखाली काम केलं. माझं काम जर्मेनियम डिटेक्टरवरचं, म्हणजे किरणोत्सारातल्या किरणांची ऊर्जा मोजणाऱ्या यंत्रावरचं.

अंगणात चहा घेताना त्यांनी विचारलं, "तुम्ही लोकं काय शोधून राह्यले बेटा?"

सांगितलं. जर्मेनियम-76 च्या अणुकेंद्रात दोन न्यूट्रॉनांचे एकदम दोन प्रोटॉन होतात. दोन इलेक्ट्रॉन आणि दोन प्रतिन्यूट्रिनो बाहेर पडतात. न्यूट्रिनो म्हणजे विद्युतभार नसलेला, अतिशय हलका कण; प्रतिन्यूट्रिनो हा त्याचा प्रतिकण, जोडीचा उलटा कण. हे मोजलेलं आहे. पण न्यूट्रिनो बाहेर न पडताही हे कधी घडतं का? घडलं, तर न्यूट्रिनो स्वतःचाच प्रतिकण ठरेल, इटालियन भौतिकशास्त्रज्ञ मायोरानाने 1937 साली मांडलं तसा. मग सगळी ऊर्जा इलेक्ट्रॉनांकडे येऊन ऊर्जेच्या आलेखात 2039 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला (हे ऊर्जेचं एकक) एक बारीक सुळका उठेल.

"किती दिवसांनी उठते?"

इटलीत ग्रान सासो डोंगराखाली गेर्डा नावाचा प्रयोग झाला. तिथे सुळका दिसला नाही; 2020 मध्ये त्यांनी सांगितलं, की या क्षयाचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू क्षय पावायला लागणारा काळ, 1.8 गुणिले दहाचा 26 वा घात वर्षांहून जास्त आहे. मी वहीच्या पानावर हिशोब मांडला. अर्धायुष्य नेमकं तेवढंच धरलं, तरी 1 किलो जर्मेनियम-76 मध्ये असा क्षय साधारण 33 वर्षांतून एकदा.

मामाजी पानाकडे बघत राहिले. "म्हणजे मायी अख्खी नोकरी, अन् एकच डाव."

हो. आणि तो एक डाव इतर किरणोत्सारात हरवू द्यायचा नाही. म्हणून डोक्यावर 1400 मीटर खडक, आणि डिटेक्टर द्रवरूप अर्गॉनमध्ये सोडलेले. तो थंडही ठेवतो आणि बाहेरून किरण आला की चमकून चहाडी करतो. जर्मेनियम फार दिवस उघड्यावर ठेवलं, तरी अवकाशातून येणाऱ्या वैश्विक किरणांनी त्यात किरणोत्सारी कोबाल्ट-60 तयार होतो.

मागच्या खेपेला मी मामाजींच्या बांधीतली मूठभर माती डबीत नेली होती. डिटेक्टरवर ठेवली, तर 1461 ला पोटॅशियम-40 चा सुळका ताठ उभा, 2615 ला थोरियमच्या साखळीतला. कुठल्याही मातीत हे असतंच. तरी आपल्या ओळखीच्या शेताचा आलेख बघताना मला भरून आलं होतं.

निघताना त्यांनी कोनाड्यातून मँगनीजचा खडा काढून दिला. लिंबाएवढा, पण हाताला चांगलाच जड. "हे ठेवून पाह्य तुया मशीनवर."

वर्तमानपत्रात गुंडाळून घेतला. तुमसर येईपर्यंत बोटं काळीच होती. सोमवारी खडा डबीत घालून दोन दिवस मोजायला लावणार आहे.