स्ट्रिंजरचं काम कसं शिकलो: जिल्ह्याच्या गावातून टीव्हीची बातमी

टीव्हीत शिरायचं तर मुंबईच गाठायला हवी असं नाही. मी गावच्या केबल वाहिनीवर सुरुवात केली. तिथं शूट, एडिट, व्हीओ (चित्रावर वाचलेला आवाज) सगळं एकट्यानं करावं लागतं. मग मोठ्या वाहिन्यांना बाहेरून बातम्या देऊ लागलो, म्हणजेच स्ट्रिंजर झालो. स्ट्रिंजरला पगार नसतो, लागलेल्या बातमीमागे मानधन मिळतं. म्हणून दर स्टोरीमागे किती, फोनोचे (फोनवरून दिलेल्या बातमीचे) वेगळे का, गाडीखर्च कोणाचा, हे काम घेण्याआधीच लेखी मागा.

मोबाइल, ट्रायपॉड, फोमची टोपी असलेला माईक, हेडफोन आणि पॉवर बँक एवढ्यावर काम सुरू होतं. मोबाइल आडवा, रिझोल्यूशन 1080, सेकंदाला 25 फ्रेम, शटर 1/50 सेकंद. आपली वीज 50 हर्ट्झची असल्यानं 30 फ्रेमवर ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकू शकतं. हेडफोन मात्र कधीच टाळू नका. चित्र थोडं हललं तर डेस्क (वाहिनीच्या कार्यालयात बातमी तयार करणारा विभाग) चालवून घेतो, वाऱ्याच्या आवाजात बुडालेला बाईट (कॅमेऱ्यासमोरची प्रतिक्रिया) फेकून देतो.

लासलगावच्या कांदा लिलावाचं घ्या. ट्रॅक्टरांची रांग, बोली लावणारे व्यापारी, कांदा चाचपणारा हात, शेतकऱ्याचा चेहरा, हिशेबाची पावती: प्रत्येक शॉट 8-10 सेकंद, कॅमेरा स्थिर. बोलीचा आवाज सलग घ्या, मध्ये स्वतः बोलू नका. बाईट देणाऱ्याकडून नाव-गाव कॅमेऱ्यावरच वदवून घ्या, म्हणजे खालच्या पट्टीत नाव चुकत नाही. बाजार समिती किमान, कमाल आणि सरासरी असे तीन भाव देते. नवखे पत्रकार कमाल भाव उचलतात. तो बहुतेकदा मोजक्याच ट्रॉल्यांना मिळालेला असतो. घरी बसलेला शेतकरी तो ऐकून माल बाहेर काढतो. सरासरी आधी सांगा.

पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर साधा व्हिडिओ टाकला की तो दबून फुटतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा ड्राइव्हची लिंक द्या. आधी चार ओळींची माहिती आणि उत्तम 30 सेकंद, बाकीचं मागून. फाइलच्या नावात तारीख, गाव, विषय.

गुन्ह्याच्या बातमीत फार जपावं लागतं. पोक्सोच्या (मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या) कलम 23 नुसार पीडित मुलाची किंवा मुलीची ओळख उघड करता येत नाही, आणि लहान गावात चेहरा झाकून भागत नाही. घराचं दार, शाळेची पाटी, वडिलांचा बाईट, गल्लीचं नाव, एवढ्यावर अख्खा गाव ओळखतो. असे शॉट घेऊच नयेत. डेस्क ब्लर करेल या भरवशावर तर मुळीच नाही. ब्रेकिंगच्या घाईत ते राहून जातं.

लागलेल्या प्रत्येक बातमीचा स्क्रीनशॉट वेळेसह ठेवा. महिनाअखेरीस बिलासोबत तीच यादी जोडायची असते.